उंची खालच्या जमिनीपासून मोजावी

१२ नोव्हेंबर १९३६

आजपासून नवी वही. जुनीला वाळवी लागली. माझं लिखाण इतक्या आवडीनं पोटात घालणारं या गावात तेवढं एकच कोणी निघालं म्हणायचं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच त्याला मान मिळायचा. नवापूरपासून बैलगाडीनं दोन तास. सगळं गाव टेकडीच्या उतारावर सांडलेलं. इथं हातून लिंबू पडलं तर ते शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन थांबतं, आणि शेजारी म्हणतो, माझ्याच झाडाचं. अशा गावात मी, छगन मास्तर, तेहतीस वर्षं शाळा चालवली आणि गेल्या उन्हाळ्यात पेन्शनीत निघालो. काय कमावलं विचाराल तर एक ‘श’. माझ्या ‘श’च्या शेपटीला आकडा असतो, विळ्याच्या टोकासारखा. कोर्टात, फॉरेस्टात, नंदुरबारच्या पेढीवर, कुठंही तसा ‘श’ दिसला की समजावं, हा माणूस माझ्या छडीखालून गेलेला आहे. बाकी त्यांच्या डोक्यात काही राहिलं असेल असं मला वाटत नाही.

ही वही कोनाड्यात उघडीच असते. आमच्या घरात वहीला कुलूप लागत नाही. घरात माणसं दोन, त्यातलं वाचणारं एक. हिला अक्षराची ओळख नाही. हिच्यापुढे वही उघडी ठेवली काय आणि म्हशीपुढे ठेवली काय, सारखंच.

परसाच्या खालच्या टोकाला मी अभ्यासिका बांधतो आहे. एकच खोली, कौलारू, रंगावली नदीच्या वळणाकडे एक खिडकी. तिथं बसून वाचायचं आणि या गावाचं तोंड पाहायचं नाही. टोकाला माझा दगडी बांध आहे, आणि बांधाखाली साडेचार फुटांवर सुसाना नावाच्या शेजारणीचं वाडगं, म्हणजे कुंपणातलं परस, लागतं. जोतं मी अगदी बांधाच्या कडेवर घेतलं. होळ्या सुतार म्हणाला, “मास्तर, जरा आत घ्या. उतार आहे.” नाचता येईना अंगण वाकडं! म्हटलं, तू खांब सरळ रोव, उताराचं मी बघतो.

ही चहा घेऊन आली आणि उभी राहिली.

“तठे बसीसन काय करशात?”

“वाचीन.”

“वाचीसन काय व्हस?”

आता यावर माणसानं काय बोलावं? मी चहा प्यालो.


२० नोव्हेंबर

संतापानं लिहितो आहे.

सकाळी उठून पाहतो तर खाली सुसानाच्या वाडग्यात चाळीस माणसं. ही सुसाना विधवा बाई, ख्रिस्ती, रविवारी प्रार्थनेला आणि बाकीचे दिवस मजुरीला जाते. दोन शेळ्या, एक झोपडं, बस. तिला म्हणे शेळ्यांसाठी परसात खोपा बांधायचा होता. या लोकांत लाहा नावाची चाल आहे. एकानं बोलवायचं, सगळ्या वाडीनं यायचं, दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी जेवून घरी जायचं. मजुरीचं नाव नाही. माझी खोली होळ्या तीन आठवडे रेंगाळवतो आहे; सुसानाचा खोपा दिवस मावळायच्या आत उभा! बांबूचे कूड, वर गवताचं छप्पर, उतारावर खालच्या बाजूनं लांब खांब आणि वरच्या बाजूनं आखूड. आणि खांब रोवण्यात सगळ्यांच्या पुढे कोण? आमचेच होळेबुवा. मला सांगून गेला होता, पोटात कळ आहे.

छपराचं आढं नेमकं माझ्या खिडकीच्या नाकासमोर. नदी गेली. वळण गेलं. उरलं काय, तर गवत!

बांधावर उभा राहून ओरडलो. सुसाना खालून हात जोडून म्हणाली, “गुरुजी, सावली तुमच्या बाजूला नाही पडत. वारा पण नाही अडत.”

“आणि नदी?”

“नदी बांधावरून दिसते की.”

म्हणजे मी नदी पाहायला बांधावर चढून उभं राहायचं, राखणीच्या पोरासारखं! वर पुन्हा म्हणते, “गुरुजी, मी तुमच्या शाळेत दोन वर्षं होते. ओट्यावर बसायचे. खिडकीतून फळा दिसायचा.”

असेल. ओट्यावरची पोरं हजेरीत नसत. मी कशाला लक्षात ठेवू?


२ डिसेंबर

देव आहे.

वरून पंचायतीला कागद आला आहे की गावठाणातल्या बांधकामाचे नियम करा. सरपंच सुमेरमल शेठ. किराणा आणि कापड यांच्या पलीकडे जग नाही असं ज्यांचं मत, ते आमचे सरपंच. कागद घेऊन स्वतः आले. “मास्तरसाहेब, हे नियम-बियम आपणच लिहा. आपल्याशिवाय लिहिणार कोण?” खरं आहे. कारकून वाहरू माझाच विद्यार्थी, पण त्याला नियम लिहायला सांगितला तर तो पहिल्या ओळीत चूक करील आणि दुसऱ्या ओळीत झोपेल.

मी आनंदानं कागद घेतला. वाहरूचे, शेठचे, सगळ्यांचेच आभार.


५ डिसेंबर

मसुदा पुरा. नऊ कलमं. त्यातली दोन माझ्या मनासारखी उतरली.

कलम चौथे: परसातील कोणतीही खोली, खोपा, गोठा अगर छपरी नऊ फुटांहून उंच नसावी. जागा उतारावर असल्यास उंची खालच्या जमिनीपासून मोजावी.

सुसानाचा खोपा वरच्या अंगानं आठ फूट आहे, खालच्या अंगानं अकरा. बांधावरून काठी टाकून मी स्वतः माप घेतलं. लोक म्हणतील आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. म्हणोत. माझी खोली साडेआठ आहे. अर्धा फूट राखून बांधली, याला म्हणतात दूरदृष्टी.

कलम सातवे: हरकत घेणाराने ती स्वतःच्या हाताने लिहून द्यावी व सुनावणीस समक्ष हजर राहावे. अंगठा चालणार नाही.

हे कलम नसेल तर उद्या सुसाना सगळ्या वाडीचे अंगठे गोळा करून आणील. लाहाच ती! खोपा जसा दिवसात उभा केला तसे चाळीस अंगठे दिवसात उभे करतील. आता बसा म्हणावं शाई चाटत.


१९ डिसेंबर

नियम मंजूर. वाचून दाखवायला पाऊण तास लागला. सुमेरमल शेठ दुसऱ्या कलमालाच झोपले, नवव्याला जागे झाले आणि म्हणाले, “बहुत अच्छा.” चौथं कलम कोणाच्या कानावरूनही गेलं नाही. अशा लोकांवर राज्य करायला इंग्रज सातासमुद्रापलीकडून आले, याचंच नवल वाटतं.

घरी एक भानगड. माझ्या पेटीतले खडू कमी होताहेत. सत्तावीस होते, एकोणीस राहिले. उंदीर खडू खातात हे मला ठाऊक नव्हतं. सापळा लावला.

भाताची कापणी आटोपल्यापासून ही रोज दुपारी सुसानाकडे गोवऱ्या थापायला जाते. आमच्या परसात जागा नाही का, विचारलं, तर म्हणते, “तठे ऊन चांगलं पडस.” बरं, पडो. परत आली तेव्हा बोटं पांढरी. विचारलं, हे काय? म्हणाली, पीठ. घरात ज्वारीची भाकरी, मग पीठ इतकं पांढरं कसं? “तांदूळनं शे.” बायकांच्या कामात मी जास्त डोकं घालत नाही.


११ जानेवारी १९३७

खोली पुरी झाली. आज अमावास्या म्हणून बसायचा मुहूर्त पुढं ढकलत होतो, तर ही भांडी घासता घासता म्हणाली, “आज अमावस नही. उद्या शे.” भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर खरंच उद्या. ही निरक्षर बाई, पण तिथीचं बरोबर सांगते! बायकांना हे आतूनच कळत असावं, कोंबडीला पाऊस कळतो तसं.

तर बसलो. खुर्ची, मेज, पुस्तकं. खिडकी उघडली. समोर गवत.

खालून गुणगुण येते. माझा उजवा कान तेहतीस वर्षं पोरांच्या ओरडण्यानं गेलेला आहे, डाव्यानं नुसता सूर कळतो, शब्द नाही. पाच-सहा बायका एका सुरात काहीतरी म्हणतात, मग थांबतात, मग पुन्हा तेच. प्रार्थना असणार. म्हणजे शेळ्या-बिळ्या काही नाही, देवळाचाच घाट आहे! सुमेरमल शेठांच्या छोटीबाईलाही मी आज तिकडे उतरताना पाहिलं. जैनाची बायको! शेठना सांगितलं तर म्हणाले, “पापड लाटायला जाते.” हा माणूस दुकानात साखर कमी तोलत नसेल हे मला आता पटलं, तेवढं डोकंच नाही.


२३ जानेवारी

सुसानाला नोटीस गेली. खोपा अकरा फूट, कलम चौथ्याचा भंग, महिनाभरात पाडावा. अक्षर वाहरूचं, मजकूर माझा.

ती वर आली. ओट्याखाली उभी राहिली. मला वाटलं रडेल, पायावर डोकं ठेवील. तर विचारते, “गुरुजी, खालच्या जमिनीपासून म्हणजे जिथं खांब संपतो तिथून ना?”

“हो.”

“सगळ्यांना तोच नियम?”

“नियम सगळ्यांनाच असतो, बाई. त्यालाच नियम म्हणतात.”

मान हलवून गेली. ही मात्र दारात उभी होती, माझ्याकडे पाहत. संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं. मी काही बोललो नाही, कारण तीही काही बोलत नव्हती. एकतीस वर्षांच्या संसारात ही पहिल्यांदा अबोला धरते आहे, आणि कशासाठी? दुसऱ्याच्या खोप्यासाठी! गोवऱ्या थापायला गावात दुसरी जागा नाही का?


७ फेब्रुवारी

अजून अबोला. कामापुरतं बोलते. “जेवा.” “पानी तापनं.” खरं सांगतो, घर पोकळ वाटतं. हिच्या बोलण्यात तथ्य काही नसे, पण आवाज असे.

खडू अकरा राहिले. सापळ्यात एक चिचुंद्री सापडली. तिच्या तोंडाला खडू नव्हता.


२६ फेब्रुवारी

मुदत संपली. होळ्याला म्हटलं, चल, दोन माणसं घे आणि खांब उपट. तर म्हणतो, “मास्तर, काल होळीचा दांडा रोवला. आता होळी पेटेपर्यंत खांब रोवायचा नाही, उपटायचा पण नाही.”

“अरे, पंचायतीचा हुकूम आहे!”

“पंचायत पण होळीला येते ना?”

शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, दांडा असताना माझं दुकानही कोणी झाडणार नाही, थांबा. वाहरूला म्हटलं, तू तरी शिकलेला आहेस. त्यानं खाली मान घातली आणि सांगितलं की तो होळीला मामाकडे काठी गावाला जाणार आहे, महिनाभर आधीपासून खाटेवर झोपायचं नाही अशी पाळणी, म्हणजे व्रत, धरली आहे. कारकून! पंचायतीचा! सातवी पास! डोक्यावर मोरपिसं लावून ढोलामागे नाचणार. तेहतीस वर्षं मी पाण्यात काठी मारत होतो.

मग महिनाभर थांबायचं. मी वाट पाहतो. गवतही पाहतो.


६ मार्च

हरकत आली!

आणि सुसानाच्या खोप्यावर नव्हे, माझ्या खोलीवर.

वाहरूनं कागद आणून दिला आणि तो देताना त्याच्या मिशा हलत होत्या. मजकूर जसाच्या तसा उतरतो: “शेजारणीच्या खोप्याला जो नियम तोच वरच्या खोलीला लावावा. दोरी खालून धरावी. शंका असल्यास मोजून पाहावे. माझे नाव मी समक्ष सांगीन.”

नाव नाही! मी म्हटलं, निनावी कागद फेकून दे. वाहरू म्हणतो, “गुरुजी, कलमात नावाचं लिहिलेलं नाही. स्वतःचा हात आणि समक्ष हजर, एवढंच आहे.” मसुदा करताना ते राहून गेलं हे खरं. पण हे दाखवून द्यायला वाहरूला बरी अक्कल फुटली!

अक्षर काय वर्णावं? काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. ओळ सुरुवातीला वर आणि शेवटी खाली, उतारावरून घरंगळल्यासारखी. शाई तीन ठिकाणी सांडलेली. दुसरीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला दारात उभा केला असता.

पण दोन ‘श’ आहेत. आणि दोन्हींच्या शेपटीला आकडा.

माझा आकडा! म्हणजे माझ्याच हाताखालचा कोणी हरामखोर. ज्या हातानं मी मुळाक्षरं गिरवून घेतली तोच हात माझ्या खोलीवर पडला.


१५ मार्च

नऊ दिवस तपास चालू आहे. फॉरेस्टातल्या दिलवरसिंगाकडून पास लिहवून घेतला. त्याचा ‘श’ माझा आहे, पण ओळ सरळ. तलाठ्याच्या मदतनिसाकडून पावती घेतली, तो नाही. शेठच्या दुकानातल्या भिला नावाच्या नोकराला चिठ्ठी लिहायला लावली. त्यानं ‘साखर’ असं लिहिलं, ‘श’ आलाच नाही, म्हणून पुन्हा जाऊन शेंगदाणे मागितले. तोही नाही. आता घरात चार शेर शेंगदाणे पडले आहेत.

हिला म्हटलं, कोणीतरी माझ्यावर उठलं आहे. ही शेंगदाणे निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “ज्यानं लिखं त्यानं खोटं लिखं का?”

पावणेदोन महिन्यांनंतर पहिलं सबंध वाक्य. मी इतका खूश झालो की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.


३० मार्च

होळी झाली, दांडा जळला. आज चावडीवर सुनावणी होती. सगळं लिहितो, जसं घडलं तसं.

चावडी भरलेली. आणि पायऱ्यांवर बायका! सुसाना, वाडीतल्या हिरीबाई आणि मंगळीबाई, शेठची छोटीबाई, आणि त्यांच्यात ही. मी हिला डोळ्यांनी खुणावलं, घरी जा. तिनं पाहिलं नाही.

आधी सुसानाचा खोपा. होळ्यानं दोरी लावली होती, अकरा फूट. शेठ म्हणाले, “मग हरकतीचा कागद कोणाचा? समोर या.”

पायरीवरून ही उठली.

मला वाटलं पाणी प्यायला उठली असेल. ती सरळ पुढं आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेठना म्हणाली, “हाई मी लिखं शे. समक्ष नाव सांगीन म्हनी लिखं व्हतं.” आणि चारचौघांत तिनं आपलं नाव सांगितलं.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, “शेठ, ही आमची... हिला अक्षर येत नाही. कोणाच्या तरी शिकवणीनं बोलते आहे. सातवं कलम आहे, स्वतःचा हात पाहिजे.”

शेठ म्हणाले, “मग मास्तरसाहेब, तुम्हीच परीक्षा घ्या. तुमच्यापेक्षा मोठा परीक्षक कोण?”

घेतली. तेहतीस वर्षं पहिल्या दिवशी पहिल्या पोराला जे वाक्य सांगितलं तेच सांगितलं: “शाळेत शिस्त पाळावी.” पाटी नव्हती. ही चावडीच्या फरशीवर बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं खडू काढला. माझा खडू होता तो, माझ्या पेटीतला, मी ओळखतो. आणि लिहू लागली. लिहिताना तिचे ओठ हलत होते. पायरीवर हिरीबाई, मंगळीबाई, छोटीबाई तिच्याबरोबर ओठ हलवत होत्या, आणि त्यांच्या ओठांवरूनच मला कळलं की खालची ती गुणगुण प्रार्थना नव्हती. बाराखडी होती. तेहतीस वर्षं मी ती घोकून घेतली आणि माझ्याच बांधाखाली ती मला ओळखता आली नाही.

पहिला ‘श’ झाला. तिनं हात मागं घेतला, पाहिलं, आणि शेपटीला आकडा दिला.

तो माझाच आकडा होता. पण तोंड कुठं गप्प बसतं? म्हणालो, “खालची जमीन म्हणजे माझ्या परसाची जमीन! माझी खोली साडेआठ फूट आहे!” वाहरूनं कलम वाचलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, मी त्याला शिकवलं होतं तसं: “उंची खालच्या जमिनीपासून मोजावी.” कोणाच्या परसाची, ते त्यात नव्हतं. होळ्या म्हणाला, “मास्तर, मी सांगितलं होतं. जरा आत घ्या.” त्यानं खालून दोरी धरून आधीच मोजलं होतं. तेरा फूट.

हशा पिकला. शेठ म्हणाले, “लोका सांगे ब्रह्मज्ञान,” आणि पुढचं त्यांनी सभ्यपणानं गिळलं. मग म्हणाले, “कलम तर तुमचंच, मास्तरसाहेब. मी तेव्हा झोपलो होतो. आता दोन्ही पाडा, नाहीतर कलम पाडा. तुम्हीच सांगा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. भीती होती. तो खोपा पडेल म्हणून ती घाबरली होती. एकतीस वर्षांत ती एवढी कशासाठीच घाबरलेली मी पाहिली नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही.

टाक घेतला आणि चौथं कलम खोडलं. मास्तरनं आपली खोली वाचवायला खोडलं असं लोक म्हणतील. म्हणोत. हात कलमाकडे गेला तेव्हा डोळ्यांपुढे खोलीच होती.

मला वाटलं, संपलं. तर ही जागची हलली नाही. “सात नंबरनं बी खोडा,” म्हणाली. “हिरीबाईना अंगठा शे, पन तिले बी तोंड शे.”

त्यात माझा काडीचा फायदा नव्हता. तेही खोडलं.

ती खालच्या वाटेनं घरी गेली, बायकांबरोबर. मी वरच्या वाटेनं आलो, एकटा.


३१ मार्च

सकाळी विचारलं, “कोणी शिकवलं?”

“सुसानानी.”

आणि सुसाना कुठं शिकली? माझ्या ओट्यावर, खिडकीतून. म्हणजे माझा ‘श’ आधी ओट्यावरून खाली उतरला, बांधाखालच्या वाडग्यात गेला, तिथं मी पाडायला निघालेल्या खोप्यात राहिला आणि मग माझ्या चुलीपाशी आला. आणि मी? एकतीस वर्षं त्याच चुलीपाशी जेवलो. सरळ वाट पाच पावलांची होती. जगाला अडाणी म्हणणाऱ्या या शहाण्याला ती दिसली नाही. वाळवीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल. ती निदान घरातूनच सुरुवात करते.

“माले इचारनं व्हतं तुम्हले,” ती म्हणाली. “इचारं बी. वाचीसन काय व्हस, म्हनी. तुम्ही चहा पिनात.”

मग मला एकदम वही आठवली. कोनाड्यात, उघडी. नोव्हेंबरपासून. ती वांगी चिरत होती.

“ही वही वाचलीस?”

“वाची.”

“कधी?”

“पहिलं पान वाचाले आठ दिन लागनात.” वांगं चिरणं थांबलं नाही. “म्हशीपर्यंत उनू, मंग दोन दिन पुढे गऊच नही.”

मी चुलीपाशी बसलो. माफ कर असं म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि मला ते येतही नाही. मी एवढंच विचारलं की मग पुढं कशाला वाचलीस.

आता तिनं विळी बाजूला केली. “मन्हं नाव कोठे येस का, ते पाहत व्हतू. ही उनी, ही गयी, ही बोलनी. आख्खी वही वाची. काल चावडीवर इतला लोकेसमोर सांगं, ते बी तुम्ही लिखं नही.”

मी उठून वही घेतली. कालचं पान काढलं. खरंच, नाही.

तिचं नाव बायजा. बायजाबाई. वही कोनाड्यात ठेवतो आहे, हेच पान उघडं करून.